‘गाडी स्वतः चालते’ हा दावा पैसे मोजण्यापूर्वी कसा तपासावा

दसरा-दिवाळीच्या तोंडावर छत्रपती संभाजीनगर, लातूर किंवा नांदेडच्या कोणत्याही शोरूममध्ये गेल्यास ‘अडास’ (चालकाला मदत करणारी यंत्रणा) हा शब्द आता हमखास कानावर पडतो. गाडी स्वतः ब्रेक लावते, पुढच्या वाहनापासून अंतर राखते, लेनच्या मधोमध राहते, असे विक्री प्रतिनिधी सांगतो आणि बोलता बोलता हेही सांगून जातो की पुढे एखादे अपडेट येईल आणि मग गाडी सगळेच स्वतः करू लागेल. यातला पहिला भाग बहुतांशी खरा असतो. दुसऱ्या भागासाठी एक रुपयाही मोजू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मत बनण्यामागे गेल्या दशकाचा अनुभव आहे, आणि खरेदीदाराने तो आधी माहीत करून घ्यावा. ऑक्टोबर २०१६ मध्ये टेस्लाने जाहीर केले की यापुढे तयार होणाऱ्या तिच्या प्रत्येक गाडीत पूर्ण स्वयंचलनासाठी लागणारी यंत्रसामग्री असेल, आणि २०१७ संपण्यापूर्वी एक गाडी लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कपर्यंत माणसाचा हात न लागता जाईल. ती फेरी झाली नाही. एप्रिल २०१९ मध्ये इलॉन मस्क यांनी पुढच्या वर्षी दहा लाखांहून अधिक रोबोटॅक्सी, म्हणजे चालकाविना धावणाऱ्या टॅक्सी, रस्त्यावर असतील असे सांगितले. तेही वर्ष तसेच गेले, आणि २०२४ मध्ये कंपनीने आपल्या ‘फुल सेल्फ-ड्रायव्हिंग’ (पूर्ण स्वयंचलन) या सुविधेच्या नावापुढे ‘देखरेखीखाली’ या अर्थाचा शब्द स्वतःच जोडला. फोर्डने २०१६ मध्ये २०२१ पर्यंत स्टिअरिंग आणि पेडल नसलेली गाडी आणण्याचे वचन दिले होते, पण फोर्ड आणि फोक्सवॅगन यांचे पाठबळ असलेली आर्गो एआय ही कंपनी २०२२ मध्ये बंद झाली. जनरल मोटर्सच्या क्रूझ कंपनीच्या चालकविरहित गाडीने ऑक्टोबर २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत, दुसऱ्या वाहनाच्या धडकेने समोर येऊन पडलेल्या एका महिलेला सुमारे वीस फूट फरफटत नेले. त्यानंतर कॅलिफोर्नियाने क्रूझचा परवाना निलंबित केला आणि डिसेंबर २०२४ मध्ये जनरल मोटर्सने रोबोटॅक्सीसाठी पैसा घालणेच थांबवले.

चालकाविना गाडी चालूच शकत नाही, असा याचा अर्थ मात्र काढू नये. वेमो या अमेरिकी कंपनीच्या टॅक्सी फिनिक्स शहराच्या परिसरात २०२० पासून चालकाशिवाय सर्वसामान्य प्रवासी नेत आहेत. पण त्या बारकाईने नकाशे केलेल्या ठरावीक भागातच धावतात, त्यांच्यावर कॅमेऱ्यांबरोबर रडार आणि लेझर किरणांनी अंतर मोजणारे लिडारही असतात, आणि गाडी अडली तर दूरच्या केंद्रातली माणसे तिला मार्गदर्शन करतात. शोरूममध्ये आपल्याला विकली जाते ती वस्तू ही नव्हे.

म्हणून पहिला प्रश्न पातळीचा विचारावा. वाहन अभियंत्यांच्या ‘एसएई’ या संस्थेने स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा सहा पातळ्या ठरवल्या आहेत. आपल्याकडे सर्वसामान्य ग्राहकाला मिळणाऱ्या गाड्या फार तर दुसऱ्या पातळीच्या असतात, म्हणजे स्टिअरिंग आणि वेग काही काळ यंत्र सांभाळते, पण रस्त्यावर नजर ठेवण्याचे काम पूर्णपणे चालकाचेच राहते. तिसऱ्या पातळीपासून, ठरलेल्या परिस्थितीत, हे काम यंत्राकडे जाते. मर्सिडीजने २०२२ मध्ये जर्मनीत अशी सुविधा आणली, पण सुरुवातीला ती फक्त तिथल्या महामार्गांवर आणि ताशी ६० किलोमीटरपर्यंतच वापरता येत होती. प्रतिनिधीने कितीही मोठे शब्द वापरले तरी त्याला एवढेच विचारावे, “ही सुविधा चालू असताना मी रस्त्याकडे पाहिले नाही आणि अपघात झाला, तर जबाबदारी कोणाची?” उत्तर ‘चालकाची’ असे आले, तर गाडी स्वतः चालत नाही, ती आपल्याला चालवायला मदत करते, हे तिथेच निश्चित होते.

त्यानंतर ब्रोशर बाजूला ठेवून गाडीची माहितीपुस्तिका मागावी. ती बहुतेक वेळा कंपनीच्या संकेतस्थळावरही मिळते. तिच्यातले इशाऱ्यांचे परिच्छेद घरी शांतपणे वाचावेत, कारण जाहिरात विभागाने जे सांगितलेले नसते ते तिथे लिहिलेले असते. थांबलेले वाहन, जनावरे, समोरून येणारी वाहने, नेहमीपेक्षा वेगळ्या आकाराचा माल लादलेली वाहने ओळखली जातीलच असे नाही. ऊन थेट कॅमेऱ्यावर आल्यास, जोरदार पावसात, धुळीत, किंवा पट्टे पुसट असल्यास यंत्रणा बंद पडू शकते, अशा आशयाची वाक्ये तिथे सापडतात. या यादीतल्या प्रत्येक ओळीसमोर आपला रोजचा रस्ता ठेवून पाहावा.

मराठवाड्यात ही यादी फार लवकर भरते. गाळप हंगामात धाराशिव, बीड, लातूर, परभणीच्या रस्त्यांवर रात्री उसाच्या ट्रॉल्या चालतात. मागची मोळी ट्रॉलीच्या बाहेर हातभर लोंबत असते, लाल दिवा असलाच तर पाचटाने झाकलेला असतो, आणि ट्रॉलीचा आस तुटला की ती डांबरावरच उभी राहते आणि तिच्यामागे चार दगड मांडले जातात. रडारला पूल, फलक, कठडे अशा स्थिर वस्तूंचे असंख्य प्रतिध्वनी येत असतात. त्या प्रत्येकासाठी ब्रेक लागला तर गाडी चालणारच नाही, म्हणून अनेक यंत्रणा वेगात असताना स्थिर प्रतिध्वनींकडे बरेचसे दुर्लक्ष करतात. मग भार कॅमेऱ्यावर येतो, आणि अंधारात कॅमेऱ्याला आपल्या हेडलाइटपलीकडचे फारसे दिसत नाही. दगड तर दोघांच्याही हिशेबात बसणे अवघड. नवरात्रात तुळजापूरकडे रात्रभर पायी जाणारे भाविक, रस्त्यावर वाळत घातलेले सोयाबीन, दुभाजकाच्या फटीतून उलट्या दिशेने येणारी दुचाकी हेही याच यादीत धरावे.

टेस्ट ड्राइव्ह जालना रोडवरच्या एका फेरीवर संपू देऊ नये. दिवस मावळताना पश्चिमेकडे तोंड करून जाणारा आणि काही अंतर पट्टे नसलेला रस्ता मागावा, म्हणजे ऊन डोळ्यांवर असताना आणि पुढे अंधार पडल्यावर, अशा दोन्ही वेळी यंत्रणा कशी वागते ते दिसेल. पाय ब्रेकजवळ ठेवावा आणि सोबतच्या माणसाला पडद्यावरचे लेनचे चिन्ह कुठे हिरवे राहते व कुठे मावळते हे पाहायला सांगावे. ते चिन्ह मावळताना स्पष्ट आवाज होतो की यंत्रणा गुपचूप बाजूला होते, ही तपासणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपोआप लागणाऱ्या ब्रेकची परीक्षा माणूस, जनावर किंवा उभे वाहन समोर ठेवून कधीही घेऊ नये.

समृद्धी महामार्गावर, म्हणजे ७०१ किलोमीटरच्या त्या सरळ, स्वच्छ पट्ट्यांच्या रस्त्यावर, ही यंत्रणा उत्तम चालते आणि म्हणूनच तिथे अधिक सावध राहावे. ताशी १२० किलोमीटरच्या वेगात गाडी सेकंदाला सुमारे ३३ मीटर पुढे जाते. मोबाइलवर टाकलेली दोन सेकंदांची नजरही साठ मीटरहून अधिक अंतर आंधळेपणाने पार करते. स्टिअरिंगवर हात असल्याचे भासवण्यासाठी बाटली किंवा वजन अडकवणारे लोक स्वतःसह इतरांचाही जीव धोक्यात घालतात.

पैशाबाबत नियम साधा ठेवावा. आज रस्त्यावर जे दिसले त्याचीच किंमत द्यावी. टेस्लाने जुलै २०२५ मध्ये मुंबईत मॉडेल वाय विक्रीस आणली तेव्हा ‘फुल सेल्फ-ड्रायव्हिंग’साठी सहा लाख रुपये वेगळे मागितले, आणि नितीन गडकरी यांनी तर चालकविरहित गाड्यांना परवानगी देणार नाही असे २०१७ पासून वेळोवेळी सांगितले आहे. हवामानाचा अंदाज ऐकून आपल्याकडे कोणी तिफण जुंपत नाही, ओल किती खोल गेली ते आधी पाहतो. सहा लाखांच्या बाबतीतही तेवढी वाट पाहावी.

प्रतिनिधीने एखादी सुविधा पुढे मिळेल असे सांगितलेच, तर ती बुकिंग फॉर्मवर तारखेसह लिहून मागावी आणि ब्रोशर व व्हॉट्सअॅपवरचे संदेश जपून ठेवावेत. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीविरुद्ध दाद मागता येते, मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, आणि १९१५ या क्रमांकावर आधी सल्लाही मिळतो.

गाडी घेतल्यावर समोरची काच बदलली किंवा बंपरला धक्का बसला, तर कॅमेरा आणि रडार पुन्हा जुळवून घ्यावे लागतात. ती सोय आपल्या जिल्ह्यात आहे की दूरच्या शहरात जावे लागेल, हे खरेदीपूर्वीच विचारावे. काळ्या मातीचा चिखल रडारच्या जागेवर साचू देऊ नये, आणि पुढे गार्ड बसवू नये. घरात गाडी चालवायला चालक ठेवला असेल, तर किल्ली देण्याआधी त्याला यंत्रणा कोणत्या बटणाने चालू-बंद होते आणि ती बाजूला झाल्याची खूण पडद्यावर कशी दिसते, हे शेजारी बसून प्रत्यक्ष दाखवावे.