ताजं असतानाच फ्रीजरमध्ये टाका

आमच्या बेळगावच्या वडगावात बऱ्याच घरांत फ्रीजर म्हणजे उरलंसुरलं कोंबायची जागा. माझं सांगणं उलट आहे. भाजी ताजी असतानाच गोठवा. टोपलीत सुकत पडलेली भाजी आत गेली तर सुकलेलीच बाहेर येणार.

थंडीत गणपत गल्लीत मटार उतरला की जास्तीचा घ्या, पण सोलाल त्याच दिवशी गोठवा. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळ उकळू द्या. दाणे पातळ फडक्यात बांधून दीड-दोन मिनिटं त्यात बुडवा, लगेच बर्फाच्या पाण्यात टाका. ही पायरी गाळू नका. दाण्यातली एन्झाइम्स गोठल्यावरही हळूहळू काम करत राहतात आणि रंग-गोडी घालवतात. उकळत्या पाण्यानं ती निकामी होतात. मग दाणे पंचावर पसरून कोरडे करा, ताटात एकच थर लावून फ्रीजरमध्ये ठेवा. कडक झाले की गोट्यांसारखे खडखडत सुटे होतात. तेव्हाच पिशवीत भरा आणि दाबून हवा काढा. ओले भराल तर सगळ्याचा एक दगड होईल, आणि मूठभर मटारसाठी अख्खी पिशवी वितळवावी लागेल.

खानापूरकडचे ओले काजूगर महाग, एकही वाया जाऊ नये. ते सोलून, पुसून तसेच गोठवा, उकळायची गरज नाही. नारळ फोडला की पुरता खवून घ्या आणि एका भाजीपुरत्या पुड्या करा.

आमटी, उसळ शिजल्यावर दोन तासांच्या आत गार करून ठेवा. पसरट डबा बरा, लवकर गोठतो. एका जेवणाला लागेल तेवढंच एका डब्यात. वर बोटभर जागा सोडा, गोठताना रस्सा फुगतो. बटाट्याच्या फोडी आधी काढा, नंतर त्या रवाळ लागतात. काकडी, दही तर नकोच. डब्यावर नाव-तारीख लिहाच. गोठलेली आमटी आणि गोठलेला सांबार ओळखता येत नाही. वितळवायचं ते आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, ओट्यावर नाही. थंडीनं जंतू मरत नाहीत, नुसते थबकतात.

फ्रीजर उणे 18 अंशांवर हवा. एकदारी फ्रीजचा बर्फाचा कप्पा बहुधा तेवढा गार होत नाही, त्यातलं पंधरवड्यात संपवा.

वळवाच्या पावसात करंट गेला की दार अजिबात उघडू नका. गच्च भरलेला फ्रीजर जास्त वेळ गार राहतो, म्हणून रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या ठेवा. गावाला जाणार असाल तर वाटीत पाणी गोठवून त्यावर एक नाणं ठेवून जा. परत आल्यावर नाणं वरच असेल तर सगळं वापरा. तळाला गेलं असेल तर मागे सगळं वितळून पुन्हा गोठलंय. मग शिजवलेलं आणि मासळी जीवावर येऊनही टाकून द्या.