‘नेहमीचं दुखणं हेच का?’ : एसआय सांध्याचा रुग्ण तपासताना

खानदेशात फिजिओथेरपीची इंटर्नशिप सुरू झाली की ‘मनी कंबर दुखस’ म्हणणारे रुग्ण रोज येणार. इथे ‘कंबर’ बरगड्यांखालून सुरू होते आणि कुल्ल्यापर्यंत कुठेही संपते. म्हणून पेशंटला उभं करून एका बोटाने जागा दाखवायला सांगा, थोड्या वेळाने पुन्हा विचारा. कमरेमागच्या खळगीच्या किंचित खाली आणि आतल्या बाजूला दोन्ही वेळा तिथेच बोट टेकलं, तर सॅक्रोइलियाक म्हणजे एसआय सांध्याचा (कण्याच्या तळाचं त्रिकोणी हाड, म्हणजे त्रिकास्थी, आणि कमरेचं हाड यांच्यामधला सांधा) संशय घ्या. अख्खा तळहात फिरला, तर घाई नको.

आधी डिस्क, म्हणजे मणक्यांमधली गादी, तपासा. पालथं झोपवून हातांवर छाती उचलायला लावा, दहा वेळा. पायातली कळ वर सरकून मणक्याजवळ गोळा होत असेल तर ते डिस्कचं दुखणं. एसआयच्या चाचण्या तिथे खोट्या पॉझिटिव्ह येऊ शकतात.

मग पाच चाचण्या. उताणं झोपवून ओटीपोटाच्या पुढच्या दोन्ही हाडांवर मागे व बाहेर दाब: डिस्ट्रॅक्शन. मांडी ९० अंशांत उभी धरून, एक हात त्रिकास्थीखाली ठेवून, मांडीच्या हाडातून सरळ खाली दाब: थाय थ्रस्ट. कुशीवर झोपवून वर आलेल्या बाजूच्या कमरेच्या हाडावर दाब: कॉम्प्रेशन. पालथं झोपवून त्रिकास्थीच्या मध्यावर दाब: सेक्रल थ्रस्ट. एक पाय टेबलाच्या कडेवरून खाली, दुसरा गुडघा छातीशी: गेन्सलेन. पाचांपैकी तीन किंवा जास्त पॉझिटिव्ह आल्या तर निदानाला जोर येतो. एकट्या चाचणीवर काहीच ठरत नाही.

नवे इथेच चुकतात. ‘दुखतं का?’ विचारलं की दाबल्यावर कुणीही हो म्हणेल. प्रश्न असा हवा: ‘तुमचं नेहमीचं दुखणं हेच का?’ दाब हळूहळू वाढवा, हिसका देऊ नका. शिबिरात खाटेवर तपासू नका. दोरी झोळ खाते, दाब सांध्यापर्यंत पोहोचतच नाही. लाकडी बाक चालेल. थाय थ्रस्टला कळ जांघेत आली तर खुब्याचा सांधा तपासा. गरोदर बाईला पालथं झोपवायचं नाही, हे सांगायलाच नको.

हाताने चाचपून ‘सांधा सरकलाय’ ठरवणं सोडून द्या. हा सांधा जेमतेम दोन-चार अंश हलतो, दोन तपासनिसांचं त्यावर एकमत होत नाही. पायाळू माणसाकडून उसण काढून आलेला पेशंट आधीच ‘काहीतरी सरकलं’ म्हणून धास्तावलेला असतो. त्यात आपण भर घालू नये.

चाळिशीच्या आतला रुग्ण, पहाटे कळ, सकाळी अर्ध्या तासापेक्षा जास्त ताठरपणा आणि हिंडल्यावर आराम असेल, तर संधिवाततज्ज्ञाकडे पाठवा. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ असू शकतो, एमआरआय लागतो. ताप येतो, वजन घटतंय, घरी गुरं आहेत, कच्चं दूध पिण्यात आहे, तर क्षयरोगासोबत ब्रुसेला (गुरांकडून, कच्च्या दुधातून होणारा जंतुसंसर्ग) मनात ठेवा. व्यायाम थांबवून आधी ते तपासून घ्या.

उपचारात पहिलं काम भार कमी करणं. एका खांद्यावर केळीचा घड, कमरेला बांधलेली कापसाची झोळी, कायम एकाच कडेवर मूल: दोन आठवडे हे टाळायला सांगा, किंवा बाजू आलटून-पालटून. कामच सोडा म्हणाल तर पेशंट पुन्हा येणार नाही.

पट्टा घेताना गफलत ठरलेली. दुकानदार रुंद लंबर बेल्ट देतो, पेशंट तो पोटावर बांधतो. पाहिजे तो अरुंद पेल्व्हिक बेल्ट, ओटीपोटाच्या पुढच्या हाडांच्या लगेच खाली. साडी असेल तर परकरावर बांधा, उन्हाळ्यात खाली सुती कापड हवंच, नाहीतर घामोळ्यामुळे तिसऱ्या दिवशी पट्टा खुंटीला. बांधण्याआधी उताणं झोपवून सरळ पाय २० सेंटिमीटर उचलायला सांगा, बांधून पुन्हा. हलकं वाटलं तरच पट्टा द्या. चालताना, कामाला घालायचा, झोपताना काढायचा.

व्यायामात ब्रिजिंग (उताणं झोपून कंबर उचलणं), क्लॅमशेल (कुशीवर झोपून वरचा गुडघा उघडणं), बर्ड-डॉग (रांगण्याच्या स्थितीत एक हात आणि विरुद्ध पाय लांब करणं): दहाचे तीन सेट, आठवड्यातून चार-पाच दिवस. कळ २४ तासांत उतरली नाही तर आवर्तनं निम्मी करा. मॅनिप्युलेशनने (हाताने झटका देऊन सांधा हलवण्याने) काही जणांना काही दिवस बरं वाटतं. तेवढ्या काळात व्यायाम रुळवून घ्या. सहा ते बारा आठवडे नीट करूनही काही फरक नसेल, तर प्रतिमेच्या मार्गदर्शनाखाली सांध्यात भुलीचं इंजेक्शन देऊन निदान पडताळता येतं. त्यासाठी पाठवताना पाचही चाचण्यांचे निकाल, बाजूसह, चिठ्ठीत लिहा.