सहा तारांचं युकुलेले: कुठली तार, कुठला सूर

युकुलेले म्हणजे गिटारसारखं छोटं वाद्य, एरवी चार तारांचं. सहा तारांच्या युकुलेलेसाठी तारा मागवण्याआधी नट, म्हणजे खुंट्यांकडची खाचांची पट्टी, नीट बघा. सहाही खाचा सारख्या अंतरावर असतील तर ते गिटालेले, म्हणजे युकुलेलेच्या मापाची छोटी गिटार. दोन जागी खाचा जोडीने, दोन-अडीच मिलिमीटरवर असतील तर ते हवाईच्या पद्धतीचं जोडतारांचं युकुलेले. दोन्हींच्या तारा आणि सूर वेगळे. एकाचा संच दुसऱ्यावर चढवला की काही तारा लोंबतात आणि काही तुटतात.

आधी जोडतारांचं बघू. होनोलुलूची कमाका कंपनी १९१६ पासून युकुलेले बनवते. तिच्या सहा तारांच्या वाद्याचं नाव लिलिऊ, हवाईच्या राणी लिलिउओकलानींवरून ठेवलेलं. हे वाद्य टेनर मापाचं असतं, म्हणजे नटपासून सॅडलपर्यंत (तारांचं दुसरं टोक टेकतं ती, ब्रिजवरची पट्टी) साधारण ४३२ मि.मी. सूर नेहमीचेच, जी-सी-ई-ए, आणि कॉर्डची बोटंही तीच. ‘सी’ आणि ‘ए’ या दोन जागी तेवढी सप्तकाच्या अंतरावरची एकेक जादा तार असते: ‘सी’सोबत वरची ‘सी’, ‘ए’सोबत खालची ‘ए’.

साध्या फ्लोरोकार्बन (एक प्रकारचं प्लास्टिक) तारांचा चालणारा संच असा. ताण ४३२ मि.मी. लांबीसाठी काढला आहे:

जी (३९२ हर्ट्झ): ०.५७ मि.मी., ५.३ किलो
सी (२६२): ०.७४ मि.मी., ४ किलो
वरची सी (५२३): ०.४१ मि.मी., ४.९ किलो
ई (३३०): ०.६६ मि.मी., ५ किलो
ए (४४०): ०.५२ मि.मी., ५.६ किलो
खालची ए (२२०): ०.९१ मि.मी., ४.३ किलो

बेरीज २९ किलोच्या आसपास जाते. याच जाडीच्या चार तारांचा ताण २० किलो होतो. म्हणून चार तारांच्या वाद्याला दोन खुंट्या जोडून सहा तारांचं करायला जाऊ नका, ब्रिज, म्हणजे तारा बांधलेला लाकडी तुकडा, उखडतो.

सगळ्यात जास्त तुटते ती वरची ‘सी’. ती तुटली की बरेच जण जाड तार आणतात, आणि तीही तुटते. कारण सूर आणि लांबी तीच ठेवून तार जाड केली की जेवढी ताकद वाढते तेवढाच ताणही वाढतो. तुटण्याची शक्यता जिथल्या तिथे राहते. तेव्हा आधी खाचेची धार तपासा. खाचेतून खुंटीकडे वळतानाच तार कापली जात असेल तर हजार-बाराशे ग्रिटच्या पॉलिश पेपरची घडी खाचेतून हलकी फिरवा. धार ठीक असूनही तार तुटत असेल तर सगळं वाद्य दोन पडदे (दोन अर्धस्वर) उतरवून एफ–बी फ्लॅट–डी–जी असं लावा. ताण २१ टक्क्यांनी कमी होतो. हार्मोनियमच्या काळी पाचला गाणाऱ्या गळ्यालाही हेच सोयीचं, कारण ‘सी’च्या बोटांनी काळी पाचचा षड्ज मिळतो. पांढरी सात हवी असेल तर एकच पडदा उतरवा. जोडतारांवर कॅपो (सगळ्या तारा एका पडद्यावर दाबून धरणारा चिमटा) टाळलेला बरा. जाड तारेशेजारची बारीक तार नीट दाबली जात नाही आणि खरखरते.

खालची ‘ए’ ठेवायची की नाही, हा या वाद्यातला खरा निर्णय. ती सगळ्या कॉर्डच्या बुडाशी जाऊन बसते. जी कॉर्ड (०२३२; आकडे म्हणजे जी-सी-ई-ए तारांवर दाबायचे पडदे) धरून बघा: सगळ्यात खालचा सूर येतो ‘बी’. एफमध्ये (२०१०) तसाच ‘ए’. म्हणजे दोन्ही कॉर्ड आपल्या गंधारावर उभ्या राहतात. गाण्याला साथ करताना हा भरलेपणा फार गोड लागतो. पण ‘ए’ तारेवर एकेरी चाल वाजवायची असेल तर तोच सूर खालच्या सप्तकातही उमटतो आणि चाल साथीत बुडते. चाल वाजवणाऱ्यांनी खालची ‘ए’ काढून तिथे ०.५२ मि.मी.चीच दुसरी तार लावावी, दोन्ही ‘ए’ एकाच सुरात.

खालची ‘जी’ (१९६ हर्ट्झ) लावण्याचा मोह अनेकांना होतो. खालची ‘ए’ कायम ठेवून ती लावू नका. दोन जाड तारा अवघ्या एका स्वराच्या अंतरावर घुमतात, आणि उघड्या तारा छेडल्या की नुसता गोंगाट होतो. दोन्हींतली एकच निवडा.

जोडी लावताना ट्यूनरवर (सूर दाखवणाऱ्या यंत्रावर) विसंबू नका, दोन तारा एकदम वाजल्या की तो गोंधळतो. बारीक तारेखाली कागदाची घडी सरकवून तिला गप्प करा आणि आधी जाड तार लावा. मग कागद काढून दोन्ही एकत्र छेडा. आवाज डुलताना ऐकू येईल. बारीक तार सावकाश चढवा: डोल मंद होत जातो आणि सूर मिळाला की थांबतो. पुढे गेलात तर डोल परत सुरू होतो. तेव्हा सुराखाली उतरवून पुन्हा खालून वर या, म्हणजे खुंटीतली ढील राहत नाही. शेवटी तिसऱ्या पडद्यावर तीच जोडी दाबून ऐका. उघडी जोडी सुरेल आणि तिथे बेसूर असेल तर नटची खाच उंच आहे किंवा सॅडलला दोन जाडींसाठी वेगवेगळा उतार दिलेला नाही. हे खुंटीने सुटत नाही.

नव्या तारा आठवडाभर उतरत राहतात, आणि जोडीतल्या दोघी सारख्या वेगाने उतरत नाहीत. तेवढे दिवस प्रत्येक बैठकीआधी जोड्या लावाव्याच लागतात.

गिटालेलेचं गणित सोपं आहे. सूर ए-डी-जी-सी-ई-ए, म्हणजे पाचव्या पडद्यावर कॅपो लावलेली गिटार. बारीक तारांकडच्या चार तारा म्हणजे खालच्या ‘जी’चं युकुलेलेच, त्यामुळे युकुलेलेच्या कॉर्ड तिथे जशाच्या तशा बसतात. नायलॉन गिटारच्या तारा यावर चालतात, पण ‘ए’ सुरात, फार तर ‘जी’पर्यंत उतरवून. त्याच तारा गिटारच्या ‘ई’ सुरात उतरवल्या तर ४३३ मि.मी. लांबीवर ताण ६५० मि.मी.च्या गिटारच्या ४४ टक्केच उरतो; जाड तार पडद्यांवर आपटते आणि दाबताच सूर चढतो. साध्या संचाने ‘जी’च्या खाली जाऊ नका. ‘ई’च हवी असेल तर आखूड वाद्यासाठी बनवलेला जास्त जाड गुंडाळीचा संच मागवा, आणि जाड तार खाचेत बुडापर्यंत बसते ना, ते चढवण्याआधी बघा.