पाळीव पक्ष्याला प्रथिनांसाठी उकडलेलं अंडं देणं कधी सुरू करायचं आणि कधी थांबवायचं

पक्ष्याचं रोज सकाळी खाण्याआधी ग्रॅममध्ये वजन करा. वाटीतली दाण्यांची टरफलं फुंकून टाका, मगच त्यानं किती खाल्लं ते ठरवा. टरफलांनी भरलेली वाटी बघून फसणारे खूप आहेत.

एरवीच्या दिवसांत बजरी (बजरीगर) किंवा कॉकटेल (कॉकाटील) या लहान पाळीव पोपटांना १० ते १५ टक्के प्रथिनांचं खाणं पुरतं. नुसत्या दाण्यांत हा आकडा भरतो, पण लायसिन आणि मेथिओनिन हे प्रथिनांचे गरजेचे घटक कमी पडतात. पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच, त्यामुळे उणीव तिथे लगेच दिसते: नवं पीस उशिरा येतं, पिसांवर आडव्या रेघा उमटतात. दाणे घटवून हळूहळू पेलेट (पक्ष्यांसाठी गोळ्यांच्या रूपात मिळणारं तयार खाणं) वाढवा, वजन बघत. माणसांची प्रोटीन पावडर अजिबात नको.

पिसं झडताना, विणीच्या काळात आणि पिल्लं भरवताना प्रथिनं वाढवायची. कॉकटेलच्या वाढत्या पिल्लांना साधारण २० टक्के लागतात. हे सगळेच सांगतात. बंद कधी करायचं ते कुणी सांगत नाही, आणि माझं नेमकं तिथेच चुकलं.

माझ्या कॉकटेल मादीची पिल्लं सुटी झाली, तरी उकडलेलं अंडं मी रोज देतच राहिलो. पौष्टिकच आहे की! पण भरपूर सकस खाणं म्हणजे पक्ष्याच्या लेखी विणीचा हंगाम. तिनं पुन्हा अंडी घातली. मी ती उचलली, तर तिनं भरपाईला आणखी घातली. शेवटी एक अंडं आत अडकलं. ती पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसली होती. रात्री पशुवैद्याकडे पळालो, म्हणून वाचली.

आकड्यानंही मला फसवलं होतं. अंड्यात प्रथिनं १२-१३ टक्के, म्हणजे पेलेटपेक्षा कमीच, असं मी धरून चाललो. पण अंड्यात तीन चतुर्थांश पाणी असतं. ते वजा केलं, तर उरलेल्यातलं निम्मं प्रथिन. पेलेटमध्ये पाणी जेमतेम दहा टक्के. तुलना नेहमी कोरड्या वजनावर करा.

म्हणून आता अशा गरजेच्या काळातच कॉकटेलला दिवसाआड अर्धा लहान चमचा अंडं, कुस्करून, आणि दोन तासांत उरलेलं बाहेर. नव्या पिसांची आवरणं फुटली, किंवा पिल्लं स्वतः दाणे फोडू लागली, की आठवड्याभरात बंद. मादी तरीही अंडी घालत असेल, तर ती तिच्याखालीच राहू द्या, कंटाळून सोडेल. मग घरटं काढा. उजेड मात्र लगेच दहा तासांवर आणा.

जास्त प्रथिनं दिली की गाऊट (शरीरात युरिक आम्ल साचण्याचा आजार) होतोच, असं म्हणतात, तेही सरसकट खरं नाही. प्रथिनांपासून होणारं युरिक आम्ल मूत्रपिंडं बाहेर टाकतात. ती धडधाकट असतील आणि पाणी भरपूर असेल, तर चार दिवस अंडं दिल्यानं काही बिघडत नाही. मूत्रपिंड आधीच दुखावलेलं असेल, तर मात्र पशुवैद्याला विचारल्याशिवाय चमचाही उचलू नका. मधुरसावर जगणाऱ्या लोरी जातीच्या पोपटांना तर यातलं काहीच लागू नाही, त्यांची गरज याहून कमी असते.