विमानवाहू नौकेचा माग काढायचा तर आधी वेळ लिहा

शत्रूची विमानवाहू नौका कशी अडवायची असं विचारलं की नवी पोरं थेट क्षेपणास्त्रांवर येतात. मी त्यांच्या हातात कंपास आणि पेन्सिल देतो. नोकरीतली बरीच वर्षं मी युद्धनौकेच्या ऑपरेशन्स रूममध्ये प्लॉटसमोर, म्हणजे जहाजांच्या जागा मांडायच्या नकाशासमोर, उभा राहून काढली. तिथला पहिला धडा हाच होता: वेळ नसलेली खबर नकाशावर घ्यायची नाही.

नौका शेवटची दिसली तिथे टिंब द्या. वेग ३० नॉट, म्हणजे तासाला ३० सागरी मैल, धरा. तासाभरानंतर ती ३० सागरी मैल त्रिज्येच्या वर्तुळात कुठेही असू शकते, म्हणजे साधारण २,८०० चौरस सागरी मैलांत. सहा तासांनी त्रिज्या १८० होते आणि क्षेत्र एक लाखाच्या वर जातं. वेळ सहापट, पाणी छत्तीसपट. हे वर्तुळ एकदा स्वतःच्या हाताने काढाच.

आता ते कापत आणा. विमानं उडवताना नौका सहसा वाऱ्याकडे तोंड करते, म्हणून वाऱ्याची दिशा नोंदवा. अणुशक्तीवर चालणाऱ्या नौकेलाही विमानांसाठी इंधन लागतंच, तेव्हा तेल पुरवणाऱ्या जहाजांवर नजर ठेवा. सोबतच्या छोट्या नौकाही सोडू नका. ४ जून १९४२ ला प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटाजवळ अमेरिकन बॉम्बर विमानांचा नेता मॅक्लस्की याला ठरल्या जागी जपानी ताफा सापडला नाही. विमानांचं इंधन संपत आलं होतं. तेवढ्यात एकटीच भरधाव निघालेली विनाशिका त्याला दिसली. ती होती जपानी ‘अराशी’, एका पाणबुडीमागे लागून मागे राहिलेली आणि आता ताफा गाठायला निघालेली. त्याने तिची दिशा धरली आणि विमानवाहू नौका समोर आल्या.

शोधायला उंची हवी. पृथ्वीच्या गोलाईमुळे ३० मीटर उंचीवरच्या रडारला समुद्राचा पृष्ठभाग जेमतेम २२-२३ किलोमीटरपर्यंत दिसतो. दहा किलोमीटर उंचीवरच्या विमानाला चारशेच्या पुढे. पण रडारवरचा ठिपका नाव सांगत नाही. एका सरावात मी मोठ्या टँकरला विमानवाहू नौका ठरवलं आणि आमचं टेहळणी विमान चार तास भलत्याच जहाजामागे फिरलं. तेव्हापासून दोन वेगळ्या स्रोतांनी दुजोरा दिल्याशिवाय मी ओळख पक्की धरली नाही. रेडिओ संदेशावर तर एकट्यावर कधीच विसंबू नका. १९७१ च्या युद्धात आपली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ अंदमानकडे होती आणि विशाखापट्टणमजवळ आपलीच दुसरी युद्धनौका ‘राजपूत’ तिच्या नावाने संदेश पाठवत होती. पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी ‘विक्रांत’च्या शोधात तिथेच आली आणि तिथेच बुडाली.

ठिकाण कळलं तरी शस्त्र पोचेपर्यंत ते जुनं होतं. ताशी ९०० किलोमीटरने जाणाऱ्या क्षेपणास्त्राला ४५० किलोमीटरसाठी अर्धा तास लागतो. तेवढ्यात नौका २८ किलोमीटर सरकलेली असते. म्हणून मारा सुटेपर्यंत, आणि सुटल्यावरही, माग तुटता कामा नये.

बुडवणं हाच एक मार्ग नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. फॉकलंड युद्धात २ मे १९८२ ला ब्रिटिश पाणबुडीने अर्जेंटिनाची क्रूझर ‘जनरल बेल्ग्रानो’ बुडवली. त्यानंतर अर्जेंटिनाची विमानवाहू नौका किनाऱ्याजवळ परतली आणि तिची विमानं जमिनीवरच्या तळांवरून लढली. तिला कुणी हातही लावला नव्हता. पाणबुडी कुठे आहे हे माहीत नसणंच पुरेसं झालं.

हल्ल्यानंतर काय लागलं, कुठे लागलं आणि कुणाला लागलं हे तपासा, आणि वर्तुळ पुन्हा पहिल्यापासून काढा. मिडवेलाच जपानी विमानवाहू नौका ‘हिर्यू’च्या विमानांनी अमेरिकन विमानवाहू नौका ‘यॉर्कटाउन’ला जबर मार दिला. अमेरिकन खलाशांनी आग विझवून तिला पुन्हा चालती केली. दुपारी ‘हिर्यू’ची दुसरी तुकडी आली, तिने तीच नौका पुन्हा फोडली आणि आपण दुसरीच नौका टिपली असं समजून परतली. ‘एंटरप्राइज’ आणि ‘हॉर्नेट’ या बाकीच्या अमेरिकन विमानवाहू नौकांना तोवर धक्काही लागला नव्हता. त्याच संध्याकाळी ‘एंटरप्राइज’वरून उडालेल्या विमानांनी ‘हिर्यू’ला गाठलं.