गाडीत चांगला बेस हवाय? मग डिकीच्या आधी दरवाजे उघडा

गाडीच्या म्युझिक सिस्टीमबद्दल कोणी विचारलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, बेसट्यूब, म्हणजे डिकीत ठेवायचा नळकांड्यासारखा बेसचा स्पीकर, कुठली टाकू? आणि माझं उत्तरही ठरलेलं असतं, आधी पुढच्या दरवाजावर बोटं दुमडून टकटक करून बघ. टण्ण असा डब्यासारखा आवाज आला ना, तर तुझा बेस तिथेच मरतोय, डिकीत काहीही टाकलंस तरी गाणं पुढून पातळच ऐकू येणार आणि मागून नुसती धडधड येणार.

त्याचं कारण साधं आहे. घरच्या स्पीकरला लाकडी डबा असतो, गाडीत तो डबा म्हणजे दरवाजा. पण दरवाजाचा पत्रा पातळ, आतल्या पत्र्याला हात जाईल एवढी मोठी भोकं आणि त्यावर फक्त एक पातळ प्लास्टिकचा पडदा. स्पीकरचा कोन पुढे जातो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची ओढली जाते, म्हणजे पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांच्या उलटे असतात, आणि ते त्या भोकांतून एकमेकांना भेटले की खालच्या सुरांमध्ये एकमेकांना खाऊन टाकतात. उरलेल्या ताकदीने पत्रा खडखडतो.

म्हणून पहिलं काम डॅम्पिंग, म्हणजे पत्र्याला जड शीट चिकटवून त्याची थरथर थांबवणं. बाजारात ब्युटाइलची काळी शीट मिळते, एका बाजूला अ‍ॅल्युमिनियमची फॉइल असते, २ मिमी जाडीची पुरते. डांबराची स्वस्त शीट घेऊ नका, एप्रिल-मे मध्ये गाडी उन्हात तापली की ती पाघळते आणि वासही सुटतो. हँडलच्या मागचे स्क्रू काढा, मग प्लास्टिकच्या पट्टीने कडेकडेने क्लिपा सोडवत पॅड, म्हणजे दरवाजाचं आतलं प्लास्टिकचं आवरण, उचला, काही क्लिपा तुटणारच म्हणून आधीच पाच-सहा जादा आणून ठेवा. पत्रा थिनरच्या फडक्याने पुसा, जरा जरी धूळ किंवा ग्रीस राहिलं तर शीट पावसाळ्यात सुटते. आधी भोकांतून हात घालून बाहेरच्या पत्र्याला आतून शीट लावा, रोलर फिरवून फॉइलवरची नक्षी सपाट होईपर्यंत दाबा, मग आतल्या पत्र्याची मोठी भोकं बंद करा. एक गोष्ट कृपया विसरू नका, दरवाजाच्या तळाला पाणी निघून जायला छोटी छिद्रं असतात ती बुजवायची नाहीत, नाहीतर आपल्याकडच्या पावसात दरवाजात पाणी साठून पत्रा आतून गंजतो. स्पीकरखाली रिंग लागत असेल तर प्लास्टिकची घ्या, एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची) रिंग ओलीने फुगते, कोकणात गाडी वापरत असाल तर मुळीच नको.

माझ्या वॅगनआरला मी हे केलं तेव्हा स्पीकर कंपनीचेच ठेवले होते, फक्त पुढचे दोन दरवाजे केले, पूर्ण रविवार गेला. संध्याकाळी भजन लावलं आणि तबल्याच्या डग्ग्यावर हाताचा घिस्सा दिला की जो आवाज खालून वर चढत जातो ना, तो पहिल्यांदा गाडीत ऐकू आला, आधी तिथे नुसतं धप्प व्हायचं. खरं सांगतो, मी गाडी बंद करून तसाच बसून ते भजन परत लावलं.

आता स्पीकर. बऱ्याच हॅचबॅकमध्ये पुढे साडेसहा इंची बसतो. कंपोनंट सेट घ्या, म्हणजे ट्वीटर (वरच्या, बारीक सुरांचा छोटा स्पीकर) वेगळा येतो आणि तो आरशाजवळच्या कोपऱ्यात लावला की गायकाचा आवाज पायाशी न येता समोर डॅशबोर्डवर येतो. स्पीकर बसवायच्या आधी काच पूर्ण खाली करून मागच्या मॅग्नेटला लागत नाही ना ते बघा. बॉक्सवर मोठ्या अक्षरात ३०० वॉट, ४०० वॉट लिहिलेलं असतं त्याकडे लक्ष देऊ नका, आरएमएस, म्हणजे सतत झेपणारे खरे वॉट, किती ते बघा. स्टिरिओचंही तेच, ५० वॉट गुणिले ४ हा पीक, म्हणजे क्षणभरापुरता कमाल आकडा असतो, खरे साधारण १५ ते २० वॉटच मिळतात. मागच्या स्पीकरवर पैसे घालवायची गरज नाही, गाणं आपण समोरून ऐकतो. बजेट कमी असेल तर इथेच थांबा, डॅम्पिंग आणि कंपोनंट आत्ता घ्या, अँप (आवाजाला ताकद देणारा अँप्लिफायर) पुढच्या दिवाळीला घ्या, काही बिघडत नाही.

अँप घेताना चार चॅनलचा घ्या. दोन चॅनल पुढच्या स्पीकरला आणि उरलेले दोन ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून, वूफरला, म्हणजे डिकीतल्या बेसच्या मोठ्या स्पीकरला. पण ब्रिज केल्यावर बहुतेक चार चॅनल अँप ४ ओहमच्या (स्पीकरचा विजेला होणारा विरोध) खाली चालत नाहीत, त्यामुळे वूफर ४ ओहम सिंगल कॉइलचा घ्या किंवा २ अधिक २ ओहमचा, दोन कॉइलचा घेऊन त्या सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडा. बॉक्स मी सीलबंदच सांगेन, १२ इंचीला साधारण १ घनफूट म्हणजे २८ लिटर जागा लागते, नेमका आकडा वूफरच्या कागदावर असतो. पोर्टवाला, म्हणजे हवेसाठी भोक ठेवलेला बॉक्स जास्त जोरात वाजतो पण ढोलाच्या टिपरूचा ठोका सीलबंदमध्ये जसा सुटा सुटा ऐकू येतो तसा स्वस्तातल्या पोर्टवाल्यात येत नाही. डिकीत सीएनजीची टाकी असेल तर सीटखाली बसणारा ८ इंची अ‍ॅक्टिव्ह (आतच अँप असलेला) वूफर घ्या, गाडीच्या काचा हलणार नाहीत पण गाणं भरतं.

वायरिंगला मात्र घाई नको. माझा पहिला अँप एका दुकानात बसवून घेतला होता, बऱ्याच दिवसांनी बॅटरीचं काम निघालं तेव्हा बघितलं तर पॉवरची वायर पत्र्याच्या भोकातून रबराच्या बुशशिवाय ओढलेली, इन्सुलेशन घासून तांबं दिसायला लागलेलं, आणि फ्यूज पार आत डॅशबोर्डखाली. म्हणजे ती वायर पत्र्याला टेकली असती तर बॅटरी आणि फ्यूजच्या मधल्या तुकड्याला वाचवायला काहीच नव्हतं, आणि घरची माणसं त्या गाडीत रोज बसत होती. त्यामुळे हे स्वतः उभं राहून बघा: फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंमीच्या आत, पत्र्यातून जाताना रबरी बुश, वायर पूर्ण तांब्याची, तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची नको. अर्थिंग जिथे कराल तिथला रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर बोल्ट आवळा. पॉवरची वायर गाडीच्या एका बाजूने आणि आरसीए (स्टिरिओतून अँपला आवाज नेणारी वायर) दुसऱ्या बाजूने न्या, नाहीतर अ‍ॅक्सिलेटर दाबला की स्पीकरमधून कुईंईं आवाज चढतो. आणि कंपनीची वायर कापून पिळ मारू देऊ नका, तुमच्या मॉडेलचा कपलर (कंपनीच्या सॉकेटला बसणारा जोड) मिळतो, वॉरंटीचा वादही टळतो.

अँपवरचा गेन म्हणजे व्हॉल्यूमचं बटण नव्हे, स्टिरिओचा सिग्नल अँपला जुळवून घ्यायचं बटण आहे. स्टिरिओ सपाट ठेवा, इक्वलायझर शून्य, लाऊडनेस बंद, व्हॉल्यूम पाऊण. स्पीकरच्या वायरी अँपवरून काढा, १००० हर्ट्झचा टोन लावा आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून अँपच्या आउटपुटला लावा. अँपचे आरएमएस वॉट गुणिले स्पीकरचे ओहम करून त्याचं वर्गमूळ काढा, ७५ वॉट ४ ओहमला १७.३ व्होल्ट येतं, तिथे गेन थांबवा. वूफरला ५० हर्ट्झचा टोन, १५० वॉटला साडेचोवीस व्होल्ट. स्पीकर जळतात ते बहुतेकदा गेन फुल करून आवाज फाटत असतानाही वाजवत राहिल्याने.

पुढच्या स्पीकरला ८० हर्ट्झचा हाय पास (त्यावरचेच सूर जाऊ देणारा फिल्टर) आणि वूफरला ८० चा लो पास (त्याखालचेच जाऊ देणारा) लावून सुरुवात करा. नंतर ओळखीचं गाणं लावा, ब्लूटूथवर नको, चांगल्या क्वालिटीची फाइल पेनड्राइव्हवर घ्या, आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसून दुसऱ्याला वूफरचा फेज, म्हणजे कोन आधी पुढे जायचा की मागे ते, ० आणि १८० असा बदलायला सांगा. ज्यात बेस भरलेला आणि डिकीतून न येता समोरून येतोय असं वाटेल, ते ठेवा. आठवडाभर गाडी खड्ड्यांतून फिरली की अर्थिंगचा बोल्ट आणि फ्यूज होल्डरचे स्क्रू पुन्हा एकदा आवळून घ्या.