डिमेन्शिया झालेल्या माणसाला गोळ्यांशिवाय घरी कसं सांभाळायचं

डॉक्टरांनी डिमेन्शिया, म्हणजे विसरण्याचा आणि गोंधळण्याचा आजार, सांगितला की घरचे गोळीच्याच मागे लागतात. ज्या गोळ्या आहेत त्यांनी आजार बरा होत नाही, काही जणांना थोडे दिवस आधार मिळतो एवढंच. आणि चिडचिड, रात्रीचं फिरणं, "माझे पैसे चोरले" हे सगळं असलं की लोक झोपेचं किंवा शांत करायचं औषध मागतात, त्यानं म्हातारी माणसं पडतात, काही औषधांनी तर स्ट्रोकचा धोका वाढतो. म्हणून आधी खालचं करून बघा. चालू असलेली गोळी मात्र मनानं बंद करू नका.

१. आधी शरीर तपासा. दोन-तीन दिवसांत माणूस एकदम जास्त गोंधळला, तर तो आजार वाढला असं धरून बसू नका. लघवीचं इन्फेक्शन, पोट साफ नसणं, दातदुखी, हे त्यांना सांगता येत नाही, डॉक्टरांकडे न्याच. आपल्या जळगाव-भुसावळकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ ला जातो आणि यांना तहानच कळत नाही, मग "पाणी पाहिजे का" विचारून उपयोग नाही, ग्लास हातातच द्यायचा. ताक, पन्हं, टरबूज काहीही चालेल. किडनी-हार्टचा त्रास असेल तर किती द्यायचं ते विचारून घ्या. चष्मा आणि कानाचं मशीन नीट आहे ना तेही बघा.

२. एक वही करा. काय झालं, त्याच्या आधी काय झालं, कोण होतं, किती वाजले होते. आठवडाभरात बरंच कळतं. अंघोळीला आप्पा मारायला उठतात, तर बऱ्याचदा डोक्यावर एकदम तांब्या ओतलेला असतो. पायापासून सुरुवात करा, अंगावर पंचा राहू द्या, आणि आता काय करतोय ते बोलत राहा.

३. "माले घर जानं शे" (मला घरी जायचंय). हे दिवेलागणीला सुरू होतं आणि घरचे अगदी थकून जातात. "अगं माय, हेच तर तुझं घर" असं दहा वेळा सांगितलं तरी तिला पटत नाही, उलट ती जास्त घाबरते, कारण तिच्या मनात माहेरचं घर असतं, जिथं सुरक्षित वाटायचं ते. तेव्हा वाद घालू नका. जवळ बसा, हात धरा, "तुना गावमा कोन कोन शे माय?" (तुझ्या गावात कोण कोण आहे) असं तिच्या बोलीत विचारा आणि तिला बोलू द्या. मग चहा, किंवा ओट्यावरून दोन फेऱ्या. आणि रोज अंधार पडायच्या आधीच सगळे दिवे लावा, सावल्यांनीसुद्धा भीती वाटते.

४. हाताला काम द्या. तुरीच्या शेंगा सोलणं, लसूण, धान्य निवडणं, बिबड्या (ज्वारीचे पापड) वाळत घालणं. चुकलं तरी दुरुस्त करू नका, नंतर गुपचूप करून घ्या. आखाजीची, कानबाईची, म्हणजे आपल्याकडच्या सणांची गाणी लावा, जिला मुलाचं नाव आठवत नाही तीही कडवं पूर्ण म्हणते. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१८ च्या गाइडलाइनमध्येही सौम्य ते मध्यम डिमेन्शियासाठी गटात गप्पा, खेळ, आठवणी, अशी मेंदूला चालना देणारी थेरपी सुचवलीये, आपल्याकडे ओट्यावर चार बाया जमवल्या की निम्मं काम होतं.

५. घर. संडासच्या दारावर मोठं चित्र, रात्री तिथपर्यंत दिवा, आरशाला घाबरत असतील तर झाकून टाका. खिशात कायम नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी.

६. सांभाळणारीला सोडवा. बहुतेक घरी हे सगळं एकट्या सुनेवर पडतं, आणि तिची झोप गेली की वरचं काहीच जमणार नाही. एल्डरलाइन १४५६७ वर ज्येष्ठांसाठी माहिती मिळते, तिचंच मन खचलं असेल तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन १४४१६, दोन्ही फुकट. आणि सुरतला नोकरीला असलेला भाऊ फोनवर नुसतं "कशी आहे माय" विचारत असेल तर महिन्यातले ठरावीक दिवस त्याच्या नावावर लावा, आणि तो आला की पहिल्या दिवशी अंघोळ कशी घालायची ते त्याला शेजारी उभं राहून दाखवा.